दान लिहू नका, धूर लिहा

अण्णा, तुम्ही गेल्यावर सांगलीच्या घरी भेटायला जी माणसं आली, त्यांतल्या निम्म्यांना तुम्ही कधी ना कधी सही नाकारली होती. काकी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी दाराशी उभी राहून येणाऱ्यांना आत बसवत होते आणि मनातल्या मनात ओळखत होते. हे साताऱ्याचे फाउंड्रीवाले, यांचा अहवाल आपण परत पाठवला होता. हे मिरजेचे कोल्ड स्टोरेजवाले, यांनी तुम्हाला फोनवर 'तुमचं डोकं फिरलंय' असं सुनावलं होतं. फाउंड्रीवाले तर काकींपुढं हात जोडून म्हणाले, "वहिनी, ह्या माणसानं मला लय छळलं. आता मी आकडा न्यायचा कुणाकडं?" आणि एवढा धिप्पाड माणूस हुंदके द्यायला लागला. मला हसू आलं आणि रडूही आलं. हसू आवरलं, रडू काही आवरलं नाही.

तुमचा जन्म कुठं, शिक्षण कुठं, नोकरी किती वर्षं, हे सगळं वर्तमानपत्रात येऊन गेलं. 'पर्यावरण क्षेत्रातील ज्येष्ठ तज्ज्ञ' असं छापलं होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ज्येष्ठ ठीक आहे, केस पांढरे झालेत. तज्ज्ञ कुणी केलं मला?" तसलं काही मला लिहायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचंय. भांडण अर्ध्यावर टाकून निघून जायचं ही कुठली रीत?

आपण नेमकं काय करतो हे माझ्या आईला, अव्वाला, तुम्ही जसं सांगितलंत तसं मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही. जतकडचं काम आटोपून तुम्ही माझ्या माहेरी आला होता. अव्वानं तुम्हाला चुलीवरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, लसूण न घालता, तुम्ही जैन म्हणून मी आधीच बजावलं होतं. तुम्ही जेवत असताना ती समोर बसून म्हणाली, "आमची रेणुका नेमकं करती तरी काय वो? सांगाय गेली की माझ्या डोक्यात काय शिरत न्हाई."

तुम्ही म्हणालात, "मावशी, काही कारखाने आपला धूर आपणच मोजतात. सरकारची सक्ती नाही, आपखुशीनं. यंदा आमच्याकडून एवढा वायू हवेत गेला, असं लिहून काढतात. आम्ही जाऊन बघायचं, लिहिलंय ते खरं का. खरं असलं की सही करायची."

"आनि खोटं असलं तर?"

"तर सही नाही."

"पोलिसाला सांगताय?"

"नाही."

"दंड?"

"नाही."

"मग तुमाला भितंय कोन?"

तुम्हाला ठसका लागला, अण्णा. पाणी पिऊन झाल्यावर म्हणालात, "कुणीच भीत नाही, मावशी. त्यामुळंच तर कठीण आहे." अव्वानं जरा विचार केला आणि निकाल दिला, "म्हंजे धुराचं तलाठी म्हना की." त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर वॉचमनला हेच सांगायचात. एकदा एका वॉचमननं खरंच आत फोन करून कळवलं की तलाठी आलाय, आणि मालक सातबारा घेऊन धावत आला.

तुमच्याबरोबर काम करणं म्हणजे वैतागच होता, आता स्पष्टच सांगते. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून साताऱ्याहून निघताना घड्याळाकडं बघत गाडी हाणायची. कारखान्याच्या कँटीनमध्ये कांदा नाही, बटाटा नाही, मग राहिलं काय, तर चहा आणि बिस्कीट. आणि ती तुमची सवय! मॅनेजर बिचारा एसी लावून, काजूच्या बशा मांडून, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायला तयार बसलेला असायचा आणि तुम्ही म्हणणार, "आधी परसदार दाखवा." मग आपण भर उन्हात कारखान्याच्या मागं. भंगाराचा ढीग, गंजलेले पिंप, बंद पडलेला बॉयलर, कुत्र्याची पिल्लं. तुमचं म्हणणं, माणूस पाहुण्यासाठी पुढचा सोपा आवरतो, परसदार कुणी आवरत नाही. मी पुढं माझ्या घरी पाहुणे यायच्या आधी मागचं अंगण झाडायला लागले, इतकी तुम्ही माझी वाट लावलीत.

पण एक गोष्ट मला तुमची फार आवडायची. तुमच्या लोकांत पर्वाच्या शेवटी क्षमावाणी असते. वर्षभरात कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याची क्षमा मागायची. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून फोन घेऊन बसायचात आणि ज्यांना ज्यांना सही नाकारली त्या प्रत्येकाला फोन लावायचात. "बोलताना शब्द लागला असेल तर क्षमा करा." समोरच्याचा आवाज एकदम उजळायचा. त्याला वाटायचं, म्हातारा विरघळला. तो विचारायचा, "म्हंजे सर, आता ते आकड्याचं..." आणि तुम्ही म्हणायचात, "आकडा तोच. शब्दाची क्षमा मागतोय." मी पलीकडच्या टेबलावर तोंडात पदर कोंबून हसायची. पण फोन ठेवल्यावर तुमचे डोळे ओले असायचे. तुम्ही ती क्षमा मनापासून मागत होता. माणसाचं मन आणि माणसाचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथं कळलं. बाकीच्यांना कळलं की नाही, देव जाणे.

तर आता भांडणाकडं येते.

पलूसकडचा तो दूध संघ. चेअरमन फौजेतून रिटायर झालेले, सगळा तालुका त्यांना सुभेदारच म्हणतो. संघाच्या फाटकावर ठळक अक्षरांत रंगवलेलं, 'आमच्या संघाचे प्रदूषण घटले.' मोठ्या शहरातल्या एका खरेदीदाराला आपण तपासलेला अहवाल हवा होता. सुभेदारांनी स्वतः दारात येऊन सलाम ठोकला. "या सर, या ताई. आमचं समदं ओपन हाय. कुठंबी हात घाला."

तुम्ही म्हणालात, "आधी परसदार."

मागं, गोठ्यासारख्या एका शेडमध्ये दोन जुने टँकर उभे होते. दूध वाहायचे म्हणून केव्हाच बाद झालेले. तुम्ही एकाभोवती फिरलात आणि मागच्या बाजूला थांबलात. तिथं खालच्या अंगाला पितळी तोट्या बसवल्या होत्या, ओळीनं. "सुभेदार, दुधाच्या टँकरला तोट्या कशाला?"

सुभेदारांनी मान दुसरीकडं वळवली. पण मला कळलं होतं. तोट्या इतक्या खाली का आहेत, तर घागर जमिनीवर ठेवून भरता यावी म्हणून. आमच्या जतच्या वाडीवर उन्हाळ्यात जो टँकर येतो, ज्याच्यामागं अव्वा घागर घेऊन उभी असते, तो हाच. वाडीत सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की तिकडं नदीकाठच्या कुठल्यातरी भल्या माणसानं लावून दिलाय. नाव कुणाला माहीत नव्हतं. मी तिथल्या तिथं तुम्हाला सांगून टाकलं, "अण्णा, हा आमच्या गावचा टँकर आहे. आई याचं पाणी पिते."

मग सुभेदार बोलले. गाड्या पाणी घेऊन जतकडं जातात, डिझेल संघाचं, डायव्हर संघाचा. पण अहवालातनं हे डिझेल त्यांनी वजा करायला लावलं होतं. संचालकांनाही पत्ता नव्हता, ते समजत होते की ते डिझेल दुधाच्या गाड्यांचंच आहे.

"चोरी न्हाई सर, खंडोबाची आन," सुभेदार म्हणाले. "दान लिवून ठेवत न्हाईत. माझ्या आज्यानं सांगितलंय, या हातानं दिलेलं त्या हाताला कळाय नगं. लिवलं की पुण्य ग्येलं. मग त्ये डिझेल मी कागदावर कसं घिऊ?"

अण्णा, मी या धंद्यात आकडे लपवायच्या नाना तऱ्हा पाहिल्यात. लाजेनं लपवलेले, लोभानं लपवलेले, आळसानं राहून गेलेले. पण पुण्य जाईल म्हणून लपवलेला आकडा मी पहिल्यांदाच बघत होते. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, आता तुम्हीसुद्धा मऊ व्हाल. तुमच्या वडलांनी गुप्तदान म्हणून बांधून दिलेल्या पाणपोईवर त्यांचं नाव नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

तुम्ही टँकरच्या पत्र्यावर हात ठेवलात, सुभेदारांना खाली वाकून नमस्कार केलात. ते एकदम मागं सरकले, "आवं सर, ह्ये काय!" आणि मग तुम्ही म्हणालात, "सुभेदार, दान लिहू नका. धूर लिहा. गाडी तुमची, चावी तुमच्या हातात, मग धूरही तुमचा. तो कशासाठी निघाला हे आम्ही विचारत नाही. ताकाला जायचं ठरवलंय तर भांडं लपवू नका."

सुभेदारांचा चेहरा उतरला. हिशेब सरळ होता. हे डिझेल मिळवलं की एकूण आकडा मागच्या वर्षाच्या वर जातो. फाटकावरचं 'घटले' खोटं ठरतं, खरेदीदारही बिथरायचा. संचालक विचारणार, हे डिझेल कसलं? "आनि मग म्हननार, सुभेदार, कशाला उगं आपला आकडा वाढवताय, बंद करा. मोजायचं असंल तर टँकर बंद पडतोय सर. बगा तुमी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही टँकरकडं बघत होता.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते आणि तोंडही चालवत होते. काय काय बोलले ते सगळं आठवतंय आणि त्यातला एकही शब्द मी मागं घेत नाही. "तुमच्या एका आकड्यापायी माझ्या गावाचं पाणी तोडायचं? वाडीवरच्या बायका काय पिणार, तुमची सही?" तुम्ही गप्प. "एवढ्याशा डिझेलनं आभाळ फाटणार आहे का? तिकडं विमानं उडतात, ती मोजा की!" तुम्ही गप्पच. मला तुमच्या गप्प बसण्याचा जितका राग येतो तितका तुमच्या बोलण्याचाही येत नाही. शेवटी तुम्ही तोंड उघडलंत ते काय म्हणायला? "रेणू, भांडण चालू ठेव, पण गाडी बाजूला घे. दिवस मावळतोय, डबा खाऊ दे."

मग द्राक्षबागेच्या कडेला गाडी लावून आपण बोनेटवर डबा उघडला. काकींनी दशम्या दिल्या होत्या. भांडायला जोर हवा म्हणून मीही खाल्ल्या. तुम्ही शेवटचा घास संपवून, पाणी पिऊन म्हणालात, "मोजणं म्हणजे शिवी देणं नाही गं. तू असं बोलतेयस की जणू मी त्या टँकरला चोर म्हणतोय. आपण आज चांगल्या कामाचा धूर सोडून दिला, तर उद्या प्रत्येकजण आपापलं चांगलं काम घेऊन येईल. देवळाचा जनरेटर, लग्नाचा, शाळेचा. वाईट काम करतोय असं म्हणत कुणी डिझेल जाळतं का?"

मी म्हणाले, "मग निदान अहवालात लिहा तरी, की हे जतच्या पाण्यासाठी होतं. वाचणाऱ्याला कळू दे."

तुम्ही म्हणालात, "ते सुभेदारांचं पुण्य आहे. ते लिहायचा हक्क मला नाही."

"आणि पाणी बंद झालं तर?"

तुम्ही डब्याला झाकण लावलंत. मग म्हणालात, "विचार करू." अण्णा, इतक्या वर्षांत तुम्ही आकड्याच्या बाबतीत 'विचार करू' असं कधी म्हणाला नव्हता. मी मनात म्हटलं, जिंकले. उद्या-परवा हा माणूस वाटेवर येतो बघ.

तो उद्या-परवा आलाच नाही. सकाळी बस्तीतून, तुमच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन परतताना पायरीवर बसलात ते बसलातच. सुखाचं मरण, लोक म्हणतात. तुमच्यासाठी असेल. माझ्या डोक्यात तो 'विचार करू' तसाच लोंबकळत राहिला.

सुभेदार भेटायला आले. काकींसमोर ताठ उभे राहून त्यांनी सलाम केला, डोळे पुसले आणि निघाले. अहवालाबद्दल चकार शब्द काढला नाही. माणूस मोठा आहे तो. पण संघाच्या मॅनेजरला काही धीर निघाला नाही. दिवसकार्य उरकायच्या आत त्याचा फोन. "ताई, आता सही तुमचीच न्हाई का? सर जरा आडमुठं हुतं. तुमी समजूतदार हाय." सुंठीवाचून खोकला गेला, असा त्याचा आवाज. मला असा संताप आला की फोन भिंतीवर फेकणार होते. फेकला नाही, कारण माणूस खोटं बोलत नव्हता. सही खरंच माझीच होती. अधिकार कधीचा मिळाला होता, पण तुम्ही असताना मी तो एकटीनं कधी वापरला नव्हता. आणि त्या तोट्यांची गोष्ट आपण कुठं लिहून ठेवलेली नव्हती. आपण त्या पाहिल्या हे तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यातले एक तुम्ही.

मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर संघाला प्रमाणपत्र, अव्वाला पाणी, आणि आपलं भांडणही मीच जिंकले असते.

अव्वाला फोन केला. सगळं सांगितलं. आधी ती तुमच्यासाठी रडली. "अय्यो, चटनी किती आवडीनं खाल्ली हुती त्या मानसानं." मग पाण्याचं ऐकल्यावर रडणं थांबवून म्हणाली, "हे बग रेणुके, मोजू नगं. कुनी सांगितलंय तुला मोजाय? टँकर बंद झाला तर वाडीत मला तोंड दाखवाय जागा ऱ्हानार न्हाई." मी म्हटलं, अव्वा, अण्णा म्हणायचे की... "अण्णा देवमानूस हुते. पन त्यांच्या दाराला नळ हुता." मी फोन ठेवला. तुम्ही यावर काय बोलला असता?

मी तुम्हाला खूप शिव्या घातल्या त्या दिवशी. मग बसले विचार करायला, तुम्ही अर्धवट टाकलेला. आणि मला जे कळलं ते तुमच्यामुळं नाही, अव्वामुळं कळलं. तिच्याशी बोलताना मी मनात सबबी जुळवत होते. डिझेल थोडंसंच आहे. काम चांगलं आहे. कुणाला कळणार नाही. या तिन्ही सबबी मी परक्या मॅनेजरांच्या तोंडून ऐकल्यात आणि तिन्ही वेळेला मी मान हलवून 'नाही' म्हटलंय. त्यांचा धूर मोजायचा आणि माझ्या आईच्या घागरीचा सोडायचा, तर मग मी तपासतेय काय? माझ्या सहीवर कुणी का विश्वास ठेवावा?

म्हणून, तपासणाऱ्यानं आपला लागाबांधा आधी सांगावा या तुमच्याच नियमानं, मी लिहून दिलं की माझी आई या टँकरचं पाणी पिते. माझं काम फेरतपासायला पुण्याहून एक बाई बोलावल्या. नंतर पलूसला गेले.

सुभेदार ऐकत गेले आणि लाल होत गेले. "ताई, तुमच्या आईचं पानी हाय त्ये!"

"व्हय सुभेदार. म्हणूनच मला सोडता येत न्हाई."

"आन सर तर ग्येले. कोन इचारनार हाय आता?"

मी म्हणाले, "तुम्ही सीमेवर एकटे पहाऱ्याला उभे असताना कोण विचारत होतं?" हे मी आधी ठरवून गेले नव्हते, तोंडातून निघून गेलं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "डिझेल लिवा. पर गावाचं नाव न्हाई, पान्याचं नाव न्हाई. आन संचालकांना काय सांगायचं त्ये माझं मी बगतो."

तसंच लिहिलं. फक्त डिझेल. कशासाठी, कुणासाठी, एक अक्षर नाही. इथं मात्र अण्णा, माझं तुमच्याशी अजून पटलेलं नाही. माझं मत अजूनही हेच की कारण लिहायला हवं होतं. नुसता आकडा वाचणाऱ्याला तो टँकर आणि एखाद्या शेठजीची मोटार सारखीच दिसणार. हे आपलं भांडण शिल्लक आहे, आणि ते मी सोडणार नाही. पुण्याच्या बाई माझ्या बाजूच्या निघाल्या, एवढं तुमच्या कानावर घालते.

आकडा वर गेला. मी सही केली. सही झाल्यावर सवयीनं कागद तुमच्या टेबलाकडं सरकवला.

नंतर संघाची सभा झाली. मी नव्हते, मला सुभेदारांनीच सांगितलं. संचालकांनी विचारलं, आकडा कसा काय वाढला? सुभेदारांना सांगावं लागलं. ते मान खाली घालून उभे, आता म्हणणार बंद करा. तर एक संचालिका ताडकन उठल्या आणि त्यांच्यावरच घसरल्या, "म्हंजे संघाच्या डिझेलवर तुमी एकटं पुण्य कमवत हुता व्हय? दूध आमी घालायचं आन पुण्य तुमचं? आमचा वाटा कुठं हाय त्यात?" मग सगळी सभाच भडकली, म्हणे. टँकर बंद करा असं कुणी म्हणालंच नाही. आम्हाला का सांगितलं नाही, यावरच भांडण. कुणी म्हणालं विहीर माझी घ्या. कुणी म्हणालं फाटकावरचं 'घटले' पुसून टाका, आणि बॉयलरची वाफ जिथं जिथं गळतेय तिथं दुरुस्ती करा, तिकडं वाचवू आणि इकडं घालू. खरेदीदारानं काय म्हटलं म्हणाल, तर त्यानं अहवाल जसा आला तसा घेतला. आपणच त्याला उगाच भीत होतो.

मी हे ऐकताना सांगलीच्या आपल्या ऑफिसात एकटीच मोठ्यानं हसत होते. तुम्हाला हे ठाऊक होतं का अण्णा? 'विचार करू' म्हणताना तुम्ही हाच विचार करत होता का? मला नाही वाटत. तुम्हालाही काही ठाऊक नव्हतं. काय होईल ते ठाऊक नसतानाच तुम्ही आयुष्यभर खरा आकडा लिहीत आलात, आणि त्यासाठी मला तुमचे पाय धरावेसे वाटतात. हे मी तुम्हाला तुम्ही समोर असताना कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही 'पाय राहू दे, आधी परसदार बघून ये' म्हणाला असता.

काल संध्याकाळी सुभेदारांचा पुन्हा फोन आला. आवाजात फौजी जोर. "ताई, खबर द्यायची हुती. दोनाचं तीन टँकर क्येलं. पुढल्या वर्साला तुमचा आकडा अजून वाढनार, आत्ताच सांगून ठिवतो." मी म्हटलं, वाढू दे सुभेदार, वाढू दे. उत्सर्जन वाढणार हे ऐकून खुर्चीतून उडी मारणारी मी या धंद्यातली बहुतेक पहिलीच.

"पर एक अडचन हाय," ते म्हणाले. "तिसरी गाडी संघाची न्हाई. एका मेंबरानं सोताची दिलीया. डायव्हर त्येचा, डिझेलबी त्येचंच. मग ताई, ह्यो धूर कुनाचा लिवायचा?"

त्यांनी विचारलं, अण्णा. मी विचारलं नव्हतं. दान लिहीत नाहीत म्हणणारा माणूस आपणहून फोन करून विचारत होता की हा धूर कुणाच्या नावावर घालू.

मी म्हणाले, "थांबा सुभेदार, अण्णांना विचारून सांगते."

तिकडं ते हळू आवाजात म्हणाले, "बरं ताई. सावकाश सांगा."

फोन ठेवला आणि मी मनसोक्त रडले. मग तोंड धुतलं, नियमांचं पुस्तक काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि सुभेदारांना फोन लावला. "गाडी मेंबरची, म्हणून तो संघाचा स्वतःचा धूर नाही. पण पाणी संघाच्या ठरावानं जातंय, म्हणून अहवालात यायला हवा. दुसऱ्याच्या गाडीचा म्हणून वेगळा लिहायचा."

"सर आसंच म्हनले असते का वो?"

"ठाऊक नाही, सुभेदार," मी म्हणाले. "हे मी सांगतेय."